आमच्याकडे चार वेळा वाजवा

मी एक जुनी दारावरची बेल आहे. माझे बटण दाराबाहेर होते आणि पितळेची वाटी दाराच्या आत. त्यामुळे बाहेर कोण उभे आहे ते मला अंगठ्यावरून कळायचे, आणि आत कोण कान टवकारून बसले आहे तेही दिसायचे. मित्रांनो, दोन्हीकडचे सगळे कळावे आणि करता मात्र काहीच येऊ नये, ही फार वाईट अवस्था असते. मी त्या अवस्थेत एकोणतीस वर्षे काढली.

ज्या कारागिराने माझी वाटी ठोकून गोल केली तो एका कानाने बहिरा होता. म्हणूनच की काय, माझा आवाज जरा जास्तच खणखणीत निघाला. मला आधी एका दातांच्या डॉक्टरांनी आपल्या घरी लावले. घर मोठे होते आणि माणसे दोनच. मी एकदा वाजले की दार उघडायचे. येणारे लोक म्हणायचे, "काय छान आवाज आहे हो बेलचा!" खरे तर दात दुखत असलेल्या माणसाला कुठला आवाज छान वाटणार? पण मी फुशारून जायची. कौतुक कुणाला नको असते?

मग राज्य बदलले. जे एकाचे होते ते सगळ्यांचे झाले. डॉक्टर एक सुटकेस घेऊन निघून गेले आणि त्यांच्या घरात पाच कुटुंबे राहायला आली. प्रत्येकाला एक खोली. स्वयंपाकघर सगळ्यांचे, न्हाणीघर सगळ्यांचे आणि मीही सगळ्यांची. आता एक बेल पाच घरांना कशी पुरवायची? समितीच्या अध्यक्षांनी तोड काढली. हे अध्यक्ष पहिल्या खोलीत राहायचे आणि रोज काही ना काही सूचना लिहून भिंतीला टाचणीने लावायचे, म्हणून मुले त्यांना टाचणीकाका म्हणायची. त्यांनी ठरवून दिले की एकदा वाजली तर त्यांच्याकडे, दोनदा वाजली तर दुसऱ्या खोलीत, आणि असे करत पाचव्या खोलीपर्यंत पाच वेळा. ही यादी स्वयंपाकघरात लागली. दाराबाहेर काही लावायचे नाही, कारण कोण कुठे राहते ते रस्त्यावरच्या माणसाला कळायचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हापासून घराला मोजायची सवय लागली. मी वाजू लागले की भाजी चिरणारी सुरी थांबायची, बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा. आपला आकडा ओलांडून बेल पुढे गेली की लोक सुटकेचा श्वास सोडायचे. दाराशी पाहुणाच आला असेल याची त्या दिवसांत कुणाला खात्री नसायची.

आणि मला पुसायचे कुणी? या प्रश्नावर स्वयंपाकघरात दोन सभा झाल्या आणि दोन्ही चहावर संपल्या. सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, हे मला तेव्हा उमगले. माझ्या वाटीवर तेलकट धूळ साचू लागली. अख्ख्या घरात एकट्या बाइंडरबाई ओले फडके घेऊन यायच्या. त्या चौथ्या खोलीत राहायच्या, पुस्तकांची बांधणी करायच्या. त्यांचे यजमान छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणून सगळे त्यांना कंपोझिटर म्हणत. खोली लहानच, पण दक्षिणेकडे मोठी खिडकी होती. कुणी पत्ता विचारला की दोघेही कौतुकाने सांगायचे, "आमच्याकडे चार वेळा वाजवा."

एके दिवशी कंपोझिटरच्या हातून चूक झाली. वर्तमानपत्रात दोन फोटो शेजारी शेजारी होते. त्यांच्या खालच्या ओळींची अदलाबदल झाली आणि देशाच्या सर्वोच्च पुढाऱ्याच्या फोटोखाली 'जनावरांच्या प्रदर्शनात पहिला आलेला वळू' असे छापून आले. घरात कुणी हसले नाही. निदान कुणी तसे दिसू दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार वेळा वाजले, आणि दोन माणसे कंपोझिटरना घेऊन गेली. ते वाजवणे माझ्याच आवाजात झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

मग महिन्याभरात टाचणीकाकांनी हिशोब मांडला. एका माणसाला अख्खी खोली कशाला? बाइंडरबाईंना स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत हलवले आणि त्यांना नवा आकडा मिळाला, सहा. चौथ्या खोलीत ट्रामचा कंडक्टर, त्याची बायको, आई आणि तीन मुले आली. ती मुले आजवर तळघरात राहिलेली. पहिल्या दिवशी ती जमिनीवर पडलेल्या उन्हात ओळीने बसली आणि ऊन सरकेल तशी सरकत राहिली. त्यांच्यावर राग तरी कसा धरायचा?

बाइंडरबाईंनीही धरला नाही. त्यांनी टाचणीकाकांना एवढेच विचारले, "खोली राहू द्या. पण चारचा आकडा माझ्याकडे ठेवाल का? ते परत आले तर चारच वाजवतील. त्यांना दुसरं काय ठाऊक?"

"बाई, आकडा काही कुणाच्या मालकीचा नसतो."

"मग त्यांना कळायचं कसं?"

"आल्यावर सांगा की."

बाईंनी माझ्या बटणाशेजारी 'बाइंडर, सहा' अशी चिठ्ठी चिकटवली. ती तासाभरात निघाली. कंपोझिटरना कुठे ठेवले आहे ते कुणी सांगेना, म्हणून पत्रही लिहिता येईना. मग बाईंकडे एकच उपाय उरला. मी चार वेळा वाजले की त्या धावत यायच्या. कंडक्टरकडच्यांच्या आधी दार उघडायच्या, समोरच्याचा चेहरा बघायच्या आणि "या, आत या," म्हणून बाजूला व्हायच्या. मला पुसताना एकदा त्या हळूच म्हणाल्या, "आवाज बसू देऊ नकोस हो." माझ्याशी कुणी बोलले ते तेवढेच.

पण दुसऱ्याच्या पाहुण्याला दार उघडणारा माणूस त्या दिवसांत संशयाचा धनी व्हायचा. कंडक्टरच्या आईने सभेत विषय काढला. "आमच्याकडे कोण येतं कोण जातं, यावर ही बाई नजर ठेवते," ती म्हणाली. बाईंनी खरे कारण सांगायचे म्हणजे कंपोझिटरचे नाव काढायचे, आणि ते कुणी काढत नसे. दुसऱ्याच्या आकड्याला दार उघडणार नाही, नाहीतर कोठीही सोडावी लागेल, अशा कागदावर त्यांनी सही केली. त्यानंतर त्या मला पुसायला आल्या नाहीत.

पुढची नऊ वर्षे मी भरपूर वाजले, पण सहा वेळा एकदाही नाही. मी चार वेळा वाजले की कोठीतला बांधणीचा आवाज थांबायचा आणि जरा वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. तेवढ्या वेळात त्या काय करत असतील ते मला माहीत होते. एकटेपणा काय असतो ते मला त्या बंद दाराने शिकवले.

मग एका रविवारी दुपारी बटणावर एक अंगठा टेकला. फार हलका होता. पण त्याच्या टोकाला खिळे धरून धरून पडलेली खाच होती, आणि ती मी ओळखली. मी चार वेळा वाजले. पाचव्यांदा आपण होऊन वाजावे, वाजतच राहावे असे मला वाटले. पण बेल आपण होऊन वाजत नाही.

कंडक्टरने साखळी न काढता दार किलकिले केले. त्याने कंपोझिटरना कधी पाहिलेच नव्हते.

"बाइंडरबाई इथेच राहतात ना?" बाहेरच्या माणसाने विचारले.

"राहतात. पण चार म्हणजे आम्ही. त्यांचे सहा."

"जरा बोलावता का?"

"तसं चालत नाही हो इथे. तुम्ही सहा वेळा दाबा, त्या येतील."

दार बंद झाले. तोच अंगठा पुन्हा बटणावर टेकला. मग मी वाजू लागले, आणि घर मोजू लागले. पाच झाले तरी मी थांबले नाही, तशी एकेक दार उघडून माणसे बाहेर डोकावली. फक्त कोठीचे दार उघडले नाही.

कंडक्टरने जाऊन टकटक केली. "बाई, सहा वाजले. तुमच्याकडे आलंय कुणीतरी."

"माझ्याकडे सहा वाजवून कोण येणार?" आतून आवाज आला. "चुकून वाजली असेल."

कंडक्टर माघारी वळला. दोन पावले गेला आणि थांबला. पुन्हा दाराशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांनी आधी चारच वाजवले होते. सहा दाबा म्हणून मीच सांगितलं."

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात बांधणीच्या खळीने माखलेले होते. साखळी बोटांतून निसटत होती. कंडक्टरने ती काढून दिली. दार उघडले तर जिन्यात कुणी नव्हते. खालच्या मजल्यावरून पावले उतरत चालल्याचे ऐकू येत होते. बाईंनी कठड्यावरून वाकून हाक मारली, "अहो."

हाक काही मोठी नव्हती. पण पावले थांबली, आणि मग एकेक पायरी वर येऊ लागली. घरातली माणसे आपापल्या खोल्यांत गेली आणि त्यांनी दारे लावून घेतली. टाचणीकाकांनीसुद्धा.

मित्रांनो, पुढे दाराबाहेर सहा वेगळी बटणे लागली आणि मला काढून खिळे-स्क्रूंच्या डब्यात टाकले. माझी वाटी आता काळी पडली आहे. मला पुन्हा भिंतीवर लावा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या दारावर एखादी बेल असेल तर तिला अधूनमधून फडके मारत जा, ती सगळ्यांची असली तरीही. आणि ती वाजली की किती वेळा वाजली, कुणासाठी वाजली, हे मोजत बसू नका. बाहेर उभा असलेला माणूस फार वेळ थांबत नाही. उठून दार उघडा.