ग्लासात उतरलेला दमा

शिरगावच्या शाळेच्या पटांगणात त्या शनिवारी जेवढी माणसं जमली, तेवढी दहा वर्षांच्या पालकसभांना मिळूनही जमली नसतील. फुंकरबाबा आले होते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते बोईसरला पाण्याचे फिल्टर दुरुस्त करत; आता थेट फुप्फुसांवर त्यांचा हात बसला होता. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मारुतीभाऊ यांनीच त्यांना बोलावलं होतं. पोरांचा दमा एका सकाळी निकालात काढायचा, म्हणजे डॉक्टर नको, औषध नको आणि हेमांगीबाईंची कटकट नको.

त्या हेमांगीबाई, शाळेतल्या शिक्षिका, मागे उभ्या होत्या. दम लागलेल्या मुलाला काय द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून आणून त्यांनी वर्गातल्या कपाटावर चिकटवलं होतं, आत श्वासातून औषध ओढायचा एक निळा पंपही ठेवला होता. पंपाची सवय लागते, असं गावाचं मत. श्वासाचीही लागते, असं बाई म्हणत, पण ऐकतो कोण?

पहिला नंबर चौथीतल्या भाविकाचा. तिची आई हंसा सकाळचे बोंबील सुकवायचे तसेच टाकून आली होती. मागे सहा आया हातात पंप आणि नारळ घेऊन रांगेत.

बाबांनी धूप पेटवला, आपल्या बाटलीतलं स्वच्छ पाणी ग्लासात ओतलं, त्यात शहाळ्याची नळी बुडवली.

"फुंक, पोरी. दमा म्हंजे छातीत दडलेला खारा वारा. पाण्यात उतरला की पांढरा पडतो. डॉक्टरच्या मशीनला दिसत नाय, कारण मशीनला श्रद्धा नाय."

भाविकाने फुंकलं. पाणी बघता बघता दुधासारखं झालं. बायांनी हात जोडले. हंसाने पोरीचा पंप नारळासकट शाळेमागच्या दर्याला अर्पण केला. दर्याला दिलेलं परत घ्यायचं नाही, हे कोळीवाड्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. बाबांनाही ठाऊक होतं.

हेमांगीबाई पुढे आल्या. "मारुतीभाऊ, तुम्ही फुंका."

"मला कसला दमा? अजून होडी एकटा ओढतो मी."

"म्हणूनच."

नव्या ग्लासात मारुतीभाऊंनी फुंकलं. पाणी आणखीनच पांढरं झालं. पटांगणात खसखस पिकली.

"गुप्त दमा हाय," बाबा म्हणाले.

"आता तुम्ही फुंका, बाबा."

बाबांना नेमका तेव्हाच आपला उपास आठवला.

"ही चुन्याची निवळी आहे," बाई म्हणाल्या. "पानाला लावता तोच चुना. पाण्यात कालवा, खाली बसू द्या, वरचं पाणी गाळा. आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते पांढरं होतं. फुंकणारा जिवंत आहे, एवढंच त्यावरून कळतं."

तेवढ्यात भाविका खाली बसली. धुपाच्या धुराने तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली होती. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी तिला धुरापासून दूर ताठ बसवलं आणि धावत कपाटातला पंप आणि त्याला जोडायची नळी आणली. हंसाने त्यांचा हात धरला.

"नको बाई. पंप दर्याला दिलाय. परत घेतला तर तो माझी पोरगी नेईल."

बाईंना राग आला. "हंसाताई, नारळी पुनवेला दर्याला नारळ देता. मग घरी नारळीभात कशाचा करता?"

"दुसऱ्या नारळाचा."

"मग हा दुसरा पंप आहे."

हंसाने हात सोडला. एकेक करून चार वेळा औषध गेलं, मध्ये सावकाश श्वास. हळूहळू पोरीचे खांदे खाली आले. "आई, पाणी," ती म्हणाली, आणि हंसा रडू लागली. गर्दीतून रिक्षाला वाट करून देताना मारुतीभाऊ कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. डॉक्टरांना दाखवणं गरजेचंच होतं. बाबा तोवर बाटल्या गोळा करून निघून गेले होते.

देवाला माना, दर्याला माना, कोणाची ना नाही. पण पोराचा श्वास अडकला की चमत्काराची वाट पाहू नका, कारण श्वास वाट पाहत नाही.

रिक्षात बसण्याआधी हंसा त्या सहा जणींकडे वळली.

"दर्याला नारळ पुरे हाय," ती म्हणाली. "पंप पोरांच्या दप्तरात ठेवा."