लांब झालेला पाय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक खुर्ची, खुर्चीत माझी ताई, आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेला ‘मोजणीबाबा’. त्याने तिच्या दोन्ही टाचा तळहातांवर तोलून धरल्या. डावा बूट उजव्यापेक्षा चांगला दीड बोट मागे होता. बाबा पुटपुटला, थरथरला, आणि डावा बूट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरकत उजव्याच्या बरोबरीला आला. शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. म्हणाल्या, हाड वाढलं.

मी रुग्णालयात पायांचे आधार आणि बुटांचे जाड तळ बनवतो. लहानपणी ताईच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि जुळताना आखूड जुळलं. तेवढी उंची भरून काढणारा जाड तळाचा बूट मीच तिला करून दिला होता. तो तिने त्या दिवशी व्यासपीठाखाली टाकला, आयोजकांनी दिलेले सैल बूट घालून खुर्चीत बसली आणि तेच घालून घरी आली.

डाव्या पायावर भार आला की कंबर त्या बाजूला खचायची, खड्ड्यात पाऊल पडल्यासारखी. भावजींचं म्हणणं, चालायची सवय जुनी आहे, जाईल हळूहळू. ताई बेकरीच्या काउंटरवर दिवसभर उभी राहायची. पाठ दुखायला लागली, पण बाबाने बजावलं होतं की शंका घेतली तर पाय परत आखडतो. म्हणून ती दुखणं गिळत होती.

मी तिला अनवाणी आरशासमोर उभं केलं, तिरकी कंबर दाखवली. डाव्या पायाखाली लाकडी ठोकळा सरकवला, कंबर सरळ झाली. ती म्हणाली, आरसाच तिरका असेल. मी कंबर, मणका, गुडघा सगळं समजावलं. भावजी ऐकता ऐकता पेपर वाचायला लागले. भिंतीशी बोलावं तसं चाललं होतं.

मग एका दुपारी बेकरीत तिची पाठ धरली. हातातला ट्रे पडला, तिला दोघांनी उचलून घरी आणलं. बाबाच्या माणसाला फोन लावला तर उत्तर आलं की श्रद्धा कमी पडली. भावजींनीही तेच तिला सुनावलं. ती पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून रडत होती. माझं डोकं फिरलं.

“भावजी, बूट घाला आणि खुर्चीत बसा.”

ते कुरकुरत बसले. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या, पाय उचलून धरले. उजवा बूट अंगठ्याने हळूच टाचेपासून पुढे ओढला, डावा घट्ट मागे दाबला. भावजींचा धडधाकट डावा पाय आखूड दिसू लागला. मग बाबासारखाच थरथरत उलटं केलं, शिवाय दोन्ही पाय किंचित एका बाजूला नेले. डावा पाय ‘वाढला’. पुन्हा आखूड केला, पुन्हा वाढवला. भावजी वाकून बघत राहिले.

ताई कुशीवर वळून बघत होती. “म्हणजे त्याने माझा पाय धरलाच नव्हता,” ती म्हणाली. “बूट धरला होता.”

मी तिला नवा जाड तळ करून दिला. पाठ सुटल्यावर ती हट्टाने बाबाच्या सभेला गेली आणि खुर्चीत बसताच बूट काढून ठेवले. अनवाणी पायावर करा, म्हणाली, आणि झालं की मला उभं करून बघा. बाबा म्हणाला, उघड्या पायात शक्ती उतरत नाही. स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. लोकांनी हुर्यो उडवली, ती बाबाची नव्हे, तिची. भावजी तिचे बूट हातात घेऊन मान खाली घालून उभे होते. आमच्या मागे खुर्चीसाठी पुढचा माणूस चढलाही.

मला अजून त्या हुर्योचा संताप येतो. त्या सभागृहातल्या एकाने जरी उठून म्हटलं असतं, बाई बरोबर सांगते आहे, बूट काढा, तर सगळा खेळ तिथेच आटोपला असता. पायाचं दुखणं असेल तर पाय तपासून घ्या, मोजून घ्या, चालून दाखवा. आणि कुणी दाखवलेल्या नवलावर टाळी वाजवण्याआधी एवढं तरी विचारा, की हे बुटाशिवाय होतं का?