निवांत जत्रा

लग्न वैशाखात झालं आणि कार्तिक उजाडला, तरी पोपटाचं बायकोशी चार वाक्यं सलग बोलणं झालेलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. घर भरलेलं होतं, एवढंच. पोशीरच्या त्या घरात आई, बाप, धाकट्या बहिणी आणि सदा कुणीतरी आलं-गेलं. जयवंता दिसायची ती चुलीपाशी नाहीतर खळ्यावर, आणि दर वेळी तिच्या शेजारी कुणीतरी असायचंच. पोपट भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर हेल्पर होता. तिथल्या घरघरीत तो मनातल्या मनात तिच्याशी भरपूर बोलायचा, आणि आपण किती छान बोलतो याचं त्याला कौतुकही वाटायचं. घरी आला की तोंडातून "पानी दे" एवढंच निघायचं.

यावर त्याला सुचलेला उपाय म्हणजे खोपोलीजवळची साजगावची जत्रा. सुके बोंबील आणि मोठाले पाळणे, दोन्हींसाठी नावाजलेली.

"पन घाई करू नको रं," पॉवरहाऊसवरच्या मोरूने बजावलं. "निवांत जा, निवांत फिर. बाप्या गडबडला का बाईला लगेच कळतं."

मोरूचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं, पण त्याचा सल्ला पोपटाला फार अनुभवी वाटला. त्याने निवांतपणाची जय्यत तयारी सुरू केली. एकादशीची गर्दी ओसरल्यावर, आडवारी जायचं. आधी थोडं फिरायचं, मग भजी खायची, आणि उन्हं उतरली की पाळण्यात बसायचं. पाळणा वर गेला की तिला बोरघाटाचे डोंगर दाखवायचे आणि मनातलं बोलायचं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण कुठे बोलायचं ते पक्कं झालं होतं. जयवंता डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली. तिने एवढी जत्रा कधी पाहिली असणार? तर आपणच तिला एकेक दाखवायचं, असंही त्याने ठरवून टाकलं.

त्याचा बाप आबाजी खळ्यावरून म्हणाला, "हितं भाताची झोडनी पडलीय, आन् ह्यो जत्रंला चाललाय." पण आई, सोनुबाई, एकदम खूश झाली. तिने एक मोठी पिशवी पोपटाच्या हातात दिली. "जा की! येताना बोंबील आन. चांगलं खडखडीत बघून घे."

एस.टी.त जयवंता बायकांत बसली, पोपट मागच्या बाकावर. बोलणं झालं नाही. उतरल्यावर त्याने डोकं चालवलं. आईचं काम आधी उरकलं, की पुढे आपण मोकळे! म्हणून त्याने पहिल्याच दुकानात पिशवी तोंडापर्यंत भरून घेतली. आता दिवसभर ती आपल्यालाच वागवायची आहे आणि तिच्या वासात कोणतंही नाजूक बोलणं टिकणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर दुकान मागे पडलं होतं.

रीतीप्रमाणे तो पुढे आणि जयवंता मागे अशी दोघं चालू लागली. आणि नवल म्हणजे पोपटाची जीभ सुटली. ती समोर दिसत नव्हती, म्हणूनच असेल. मान न वळवता तो सांगू लागला, "त्यो बघ मौत का कुआ. त्यात मोटरसायकल भिंतीवरनं पळते. पडत का नाय, तर लई येग असतो. आमच्या पॉवरहाऊसला असंच मोठं चाक हाय..." मग तो पाण्यावर आला, पाण्यावरून विजेवर. आपल्याला इतकं येतं हे त्यालाच नवीन होतं. पाळण्याजवळ पोचेपर्यंत अंगात एवढं बळ आलं की वर जायची वाटही त्याने पाहिली नाही.

"तुज्याशी लई बोलायचं असतं गं," तो समोर बघतच म्हणाला. "घरात जमत नाय. पन तू मला पसंत हायेस. पैल्या दिसापास्नं."

मागून एक घोगरा आवाज आला, "पसंतीचं ऱ्हाऊ दे रं बाबा. हे बोंबील कुठनं घेतलंस ते सांग."

पोपट वळला. मागे डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक म्हातारी उभी होती. पिशवीच्या वासामागे ती केव्हापासून चालत आली होती, देव जाणे.

"माजी... माजी बायको व्हती हितं."

"हरवलीस व्हय?" म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं. "पैलीच हाय ना? व्हतं असं."

पोपट उलट्या पावली धावत सुटला. बांगड्यांची दुकानं, भज्यांच्या कढया, फोटोवाल्याचा तंबू, सगळं पालथं घातलं. वाडीतली भाबडी पोर, कुठेतरी तोंडात पदर घालून रडत बसली असेल! तिला काय तोंड दाखवू, आणि तिच्याशिवाय घरी काय तोंड दाखवू? घामाने सदरा भिजला. बोंबलांची पिशवी येणाऱ्या-जाणाऱ्यांना लागत होती आणि लोक त्याला शिव्या देत होते.

तेवढ्यात कर्णा खरखरला. "पोशीरचे श्रीयुत राघू हरवले आहेत. राघू, पोशीरचे. जिथं असतील तिथून त्यांनी मंडपात यावं."

एवढ्या धांदलीतही पोपटाला हसू आलं. पोशीरचा हा कोण राघू? घोडा झाला तरी जत्रेत हरवतो! आपल्याहून मोठा गाढव कुणीतरी आहे, या विचाराने त्याला थोडा धीर आला.

"अंगात पांढरा सदरा," कर्णा पुढे म्हणाला, "हातात बोंबलांची पिशवी. त्यांनी घाबरू नये. त्यांचं कुटुंब मंडपात बसलेलं आहे."

पोपटाने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग सदऱ्याकडे.

मंडपात हरवलेली दोन लहानगी भोकाड पसरून बसली होती, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर जयवंता चहा पीत होती. कर्ण्यावर पुकारा करणाऱ्या भिवाजी नावाच्या गृहस्थांनी पोपटाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच राघू ना?"

"पोपट."

"तरीच!" भिवाजींनी कपाळावर हात मारला. "बाई नवऱ्याचं नाव घेईनात. म्हणाल्या, हिरवा असतो, चोच लाल, पेरू खातो. मी म्हटलं, राघू? तर म्हणाल्या, तसंच कायतरी. पुकारा."

मंडपातली माणसं खो खो हसली. रडणाऱ्यांतलं एक पोरही थांबून पोपटाकडे बघू लागलं. 'मिठू' तरी झालं नाही, असं मनात म्हणत पोपट बाहेर पडला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "घाबरली नाय तू?"

"घाबरले की. तुमी एकटं कुठं फिरत असाल म्हनून."

"हाक तरी मारायची!"

"मारली. 'अवं' म्हनलं. धा बापे वळलं, तुमी तेवढं नाय." तिने ओठ दाबले. "तुमी इजेचं सांगत व्हता."

मग हळूच कळलं, की तिचे मामा साजगावचेच, आणि ती लहानपणापासून दर वर्षी या जत्रेला यायची. मग आधी का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं. "तुमी इचारलं कुठं?" ती म्हणाली.

पाळण्याकडे तीच पुढे निघाली. पाळणा वर चढला आणि पोपटाला समजलं, की आपण आयुष्यात कधी पाळण्यात बसलेलो नाही, आणि त्याला सबळ कारण होतं. त्याने डोळे गच्च मिटले आणि पिशवी छातीशी कवटाळली.

"डोंगर बघा ना," ती म्हणाली.

"बघतोय."

"डोळं मिटून?"

तेव्हा त्याने हार मानली. तिला सांगायचं होतं ते आपण भलत्याच म्हातारीला सांगून बसलो, हे त्याने डोळे मिटूनच सांगून टाकलं. काय सांगितलं तेही. जयवंता एवढी हसली की पाळणाच गदगदा हलायला लागला, आणि पोपटाची उरलीसुरली ताकद गेली.

खाली आल्यावर तो जमिनीवरच बसला. तिने लिंबू-सोडा आणून दिला आणि मांडी घालून त्याच्याजवळ बसली. मग ती बोलू लागली. नवीन घरात सुरुवातीला रात्री रडू यायचं ते, धाकट्या नणंदेने शिकवलेले खेळ, आणि तो 'पानी दे' म्हणायचा तेव्हा दुसरं काहीतरी म्हणेल म्हणून ती तांब्या हातात धरून उगाच थांबायची ते. पोपटाच्या डोक्यात अजून सगळं गरगरत होतं, म्हणून तो मधे बोलला नाही. तेवढंच त्या दिवशी त्याच्या हातून बरं झालं.

एस.टी. अर्थातच चुकली. नेरळकडे जाणारा एक टेंपो मिळाला. मागे पोत्यांवर दोघं टेकून बसली. कर्जत मागे पडलं तसं गार वारं अंगाला लागू लागलं. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि जरा सरकून त्याच्याजवळ आली.

"तुज्या मामाकडं मुक्कामाला जाता यील का?" पोपटाने विचारलं. "पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी कशाला?" जयवंता म्हणाली. "झोडनी झाली का जाऊ."