छोट्या लाईनचा रूळ, चर्चची घंटा

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. नवेगाव बांधच्या मोठ्या तलावाकाठी एक लहानसे चर्च आहे. त्याच्या अंगणातल्या मोहाच्या झाडाला मी टांगलेला असतो. लोक मला घंटा म्हणतात, आणि खरे सांगायचे तर मला अजून संकोच वाटतो. घंटेचे अंग गोल असते, पोटात लोलक असतो. मी आपला दोन हात लांब लोखंड, एका टोकाला दोन भोके. पण यंदाच्या ईस्टरच्या पहाटे जे घडले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सांगताना घाई झाली तर सांभाळून घ्या.

मी भट्टीतून लाल होऊन बाहेर पडलो आणि गोंदियाहून चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या लाईनवर जाऊन पडलो. धानाची पोती, बांबू आणि माणसे घेऊन ती इवलीशी गाडी माझ्या पाठीवरून गेली की मी कितीतरी वेळ गुणगुणत राहायचो. हे कोणी ऐकत असेल असे मला कधी वाटले नाही. पण केवळराम ऐकत होता. तो लाईनवर गँगमन होता आणि या चर्चचा सभासद. छोटी लाईन उखडून मोठी लाईन आली, तेव्हा भंगाराच्या लिलावात रीतसर पावती करून त्याने माझा एक तुकडा घेतला. बैलगाडीतून घरी आणला आणि पत्नी पुष्पाबाईला म्हणाला, "हा गाते वो! याले चर्चात लावू."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. बाप्तिस्म्याला आणि लग्नाला माझ्यावर भराभर टोले पडायचे, मरणाला सावकाश. केवळराम गेला तेव्हाही सावकाशच पडले. दर रविवारी मी उपासनेसाठी वाजलो की शेजारी धानाची रोवणी करणाऱ्या बाया म्हणायच्या, "आज ऐतवार आहे वाटते."

आणि ईस्टर! उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपली की माझ्यावर कोणी टोला मारत नाही. मग ईस्टरच्या पहाटे, सूर्य निघायच्या आत, पहिला टोला. घंटेजवळचे सोडले तर, त्या पहाटे तो ऐकू येईपर्यंत तलावाभोवतीच्या वस्त्यांमधला एकही विश्वासी घराबाहेर पाऊल टाकत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. ही रीत केवळरामने घातली. तो म्हणायचा, "त्या दिवशी पहिली खबर घंटेनं द्यावी. आपली तोंडं मागून." टोला पडला की दारे धडाधड उघडतात आणि तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, चहूबाजूंनी माणसे गात गात येतात.

यंदा चर्चला नव्या पाळकबाई, म्हणजे धर्मगुरू, आल्या होत्या. त्यांचे नाव चेतनाबाई. वयाने तरुण, पहिलीच नेमणूक, पहिलाच ईस्टर. शनिवारी माझ्याजवळ उभ्या राहून त्या हळूच म्हणाल्या, "प्रभू, उद्या सगळे येऊ देत." तेवढेच. पण त्यांच्या मुठी किती घट्ट आवळलेल्या होत्या, ते मी पाहिले.

त्याच शनिवारी सगळ्या मंडळीने माझा मान करायचे ठरवले. मोहाच्या बाजूला सिमेंटची सुंदर कमान उभारून ठेवलीच होती. चर्चचे वडीलधारे कारभारी बिसराम, जे नेहमी माझ्यावर टोले मारतात, त्यांनी मला फांदीच्या साखळीतून सोडवले. मला आकाशी रंगाचे दोन हात दिले. मग माझी पाठ कमानीच्या खांबाला टेकवून दोन्ही भोकांतून बोल्ट घातले आणि पान्याने असे आवळले, असे आवळले की मला हूं की चूं करता येईना.

"आता कशी राजावानी दिसून राहिली!" बिसराम म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला, पण धडकीही भरली. मी हललो तरच गातो, मित्रांनो! आणि शनिवार असल्यामुळे वाजवून बघायला कोणी धजले नाही. रीतच तशी होती.

पहाट झाली. मोहाची फुले टपटप गळत होती. पूर्वेकडे तलावाचे पाणी उजळू लागले. बिसरामांनी सळई उचलली आणि दणका दिला.

ठक.

पुन्हा एकदा. ठक. अंगणातल्या कुत्र्यानेही मान वर केली नाही.

"बाई, हे काऊन झालं?" बिसरामांचा चेहरा उतरला.

चेतनाबाईंनी पदर खोचला आणि फोन काढला. पाळीपलीकडे राहणाऱ्या पुष्पाबाईला लावला. फोन उचलला गेला.

"काकी, मी चेतना. घंटा बिघडली आहे. तुम्ही सगळ्यांना घेऊन निघा." पलीकडे नुसता श्वास. "काकी? ऐकताय ना?" पुन्हा श्वास. मग फोन बंद झाला. दुसऱ्या घरी लावला, तिथेही तेच. सगळे जागे होते, नवे कपडे घालून दाराशी बसले होते, आणि कोणी बोलत नव्हते!

इतक्यात डोंगा काठाला लावून श्यामलाल वर आला. तो रोज पहाटे तलावात जाळे टाकतो. तो काही चर्चचा नाही, पण दर ईस्टरला माझा टोला ऐकूनच तो जाळे ओढायला घेतो.

"काऊन गा बिसराम, आज तुमचा देव उठून नाही राहिला का?"

"देव उठला जी, घंटाच झोपली," बिसराम रडवेले होऊन म्हणाले.

श्यामलालने मला निरखून पाहिले आणि डोक्याला हात लावला. "अरे, इले तर चोरावानी बांधून ठेवलं! सोडा तिले!"

मग काय धावपळ उडाली! बिसराम मोटरसायकलच्या डिकीतून पाना घेऊन आले. पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्याची चाकी रंगाने चिकटली होती, ती जागची हलेना. पाण्यावर लाली चढू लागली. श्यामलालने मला खालून खांदा दिला, बिसरामांनी बोल्ट धरला आणि चेतनाबाई दोन्ही हातांनी पान्यावर लोंबकळल्या. "हे प्रभू, हे प्रभू," म्हणत त्यांनी हिसका दिला. कर्र! चाकी फिरली. मी सुटलो!

माझी जुनी साखळी फांदीवर तशीच लोंबत होती. तिघांनी मला तिच्यात ओवले. बिसरामांनी सळई चेतनाबाईंपुढे केली. "बाई, हा तुमचा पहिला ईस्टर. तुम्हीच मारा."

चेतनाबाईंनी टोला मारला. ठप्प! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"श्यामलाल, हात काढ ना गा तिच्यावरचा!" बिसराम ओरडले.

मी पडू नये म्हणून श्यामलाल मला अजून पोटाशी धरून उभा होता. त्याने जीभ चावली आणि हात काढला. चेतनाबाईंनी पुन्हा सळई उगारली.

टण्ण्ण्ण!

मित्रांनो, मी नखशिखांत थरारलो! आवाज पाण्यावरून गेला, पाळीला लागला, परत आला. दारे उघडली. "प्रभू उठला आहे!" पलीकडून कोणीतरी ओरडले. "खरोखर उठला आहे!" दुसऱ्या काठावरून उत्तर आले. ढोलकी वाजली, टाळ वाजले, आणि पाळीवरून पांढऱ्या कपड्यांच्या रांगा येऊ लागल्या. सूर्याची कडा तेवढ्यात वर आली. चेतनाबाई हसत होत्या, रडत होत्या आणि टोल्यावर टोले मारत होत्या.

सगळ्यांच्या पुढे काठी टेकत पुष्पाबाई आल्या. चेतनाबाईंनी विचारले, "काकी, फोनवर बोलला का नाहीत?"

"तुमीच सांगा बाई, तोंड उघडलं असतं तर आमच्या घरधन्याले वरती गेल्यावर काय जबाब दिला असता?" पुष्पाबाईंनी मला हात लावला. रंग अजून ओलसर होता, तो त्यांच्या बोटांना लागला. मग त्यांनी मोकळ्या कमानीकडे पाहिले. "कमान बेस आहे जी. इच्यावर कारल्याचा वेल चढवा."

आता तिच्यावर खरेच वेल चढला आहे, आणि मी पुन्हा मोहाच्या फांदीला आहे, आकाशी रंगाचा, थोडा खरचटलेला.

मित्रांनो, एका लोखंडाच्या तुकड्याने शहाणपण सांगावे की नाही, मला कळत नाही. पण तुमच्या गावातही माझ्यासारखे कोणी जुने असेलच. त्याला पुसा, हवा तर रंग द्या, पण त्याला हलायला जागा ठेवा. कधी आमच्या चर्चला आलात तर मला जरूर हात लावा. मला आवडेल. फक्त टोला पडायच्या आधी तो काढून घ्या.