दूध अंगी लागलं

डिंपलचा पहिला वाढदिवस झाला आणि थोड्याच दिवसांत दुर्गेश्वरीचं अंगावरचं दूध आटलं. पोरीला आता कोणतं दूध द्यायचं, यावरून घरात जुंपली. तिच्या सासूबाईंना, सावित्रीबाईंना, दारच्या म्हशीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तिचा नवरा उमेंद्र वीज प्लांटवरच्या कामावरून येताना तिरोड्याहून पिशवीचं दूध आणायला तयार होता.

"पिशवीचं कायले?" सावित्रीबाई मुलावर उखडल्या. "आपल्या घरची म्हैस आटली का?"

"म्हशीचं जड पडते, मामीजी," दुर्गेश्वरी म्हणाली. "गाईचं देऊ."

"माही चार लेकरं म्हशीवरच वाढली. एक तरी मेलं का?"

तरी शेवटी सुनेचंच खरं झालं. शेजारच्या बकारामची गाय नुकतीच व्याली होती. तिचं दूध सुरू झालं. लग्न होऊन या घरात आल्यापासून दुर्गेश्वरीचा शब्द राहिला तो हा पहिलाच. त्यामुळे रिकामी झालेली प्रत्येक बाटली तिला आपल्या बाजूची साक्ष वाटू लागली. डिंपल वरणभात गालात धरून ठेवायची, मग थुंकून द्यायची. न जेवेना का, दूध तर पिते, असं म्हणत दुर्गेश्वरी बाटली पुढे करायची. पोरगी रडली की बाटली, झोपेला आली की बाटली. डिंपलचे गाल भरले, दंडाला वळ्या पडल्या.

आणि पोरगी गोरी होऊ लागली. दुर्गेश्वरी स्वतः काळीसावळी. "उमेंद्रले पोरगी दाखवली तवा लाइट गेली होती वाटते," हा सावित्रीबाईंचा ठेवणीतला टोमणा. त्याच सावित्रीबाई एक दिवस नातीचा गाल धरून शेजारणीला म्हणाल्या, "गाईचंच बरं निघालं व. दूध कसं अंगी लागलं पाय!"

दुर्गेश्वरीनं ते चुलीपुढे बसून ऐकलं. त्या दिवशी तिनं दूध आणखी वाढवलं.

डिंपल दीड वर्षाची झाली तरी उभी राहिली की लगेच बसायची. भिंतीची माती नखानं खरवडून खायची आणि दिवसाही झोपून असायची. गरीब स्वभावाची आहे, असं सगळे म्हणत. मग सर्दीखोकल्याचं निमित्त झालं आणि दुर्गेश्वरी तिला तिरोड्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी खोकला ऐकला. मग पोरीची खालची पापणी ओढून बघितली आणि तिचा तळहात आपल्या हातावर उघडा धरला. तो कागदासारखा पांढरा होता.

"दूध पिते?"

"गाईचं देतो, मॅडम. पाण्याचा थेंब नाही टाकत."

"कोणतं ते नाही विचारलं. किती?"

 दुर्गेश्वरीनं कधी मोजलंच नव्हतं.

"दुधात लोह नसल्यात जमा असतं," बाई म्हणाल्या. "पोट दुधानंच भरलं तर जेवण जाणार कुठे? अंगात रक्तच उरलेलं नाही. आजच गोंदियाला न्या."

"म्हशीचं दिलं असतं तर?"

"हेच झालं असतं."

गोंदियाला दवाखान्यात डिंपलला रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या ओठांवर लाली आली, कानाच्या पाळ्या भरल्यासारख्या दिसू लागल्या. चेहऱ्यावर आईचा सावळेपणा हळूहळू उमटला. सावित्रीबाई खाटेच्या पायथ्याशी बसून बघत होत्या.

"गोरा रंग उतरला व पोरीचा," त्या हळूच म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

 सकाळी मोठ्या डॉक्टरांनी डिंपल चालते का, किती शब्द बोलते, हे विचारून घेतलं होतं. मागे पडलेलं सगळं भरून निघेल ना, असं दुर्गेश्वरीनं विचारल्यावर ते म्हणाले होते, "बघावं लागेल. कधी निघतं, कधी थोडं राहून जातं." औषध लिहून दिलं होतं. आधी जेवण, मग पेल्यानं थोडंसं दूध. बाटली पूर्ण बंद.

अंगात जीव आल्यामुळे डिंपल आता जोरात रडत होती. हात पसरून बाटली मागत होती.

"दे ना व घोटभर," सावित्रीबाई म्हणाल्या. "कसं तडफडून राहिलं लेकरू."

"नाही, मामीजी."

दुर्गेश्वरीनं वाटीत पालकाची डाळ आणि भात बोटांनी कुस्करला, एक लहान घास केला. डिंपलनं तो गालात धरला आणि थुंकला. तिनं दुसरा केला. तोही छातीवर ओघळला. मग पोरगी रडायची थांबली आणि आईकडे नुसती बघत राहिली. दुर्गेश्वरीनं तिचं तोंड पुसलं आणि तिसरा घास ओठांशी नेला.