ओट्याची उंची

चौसाळ्याचा मिस्त्री टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरला, तसा राधाकिशन हौसेनं त्याच्यामागं जाऊन उभा राहिला. सिंक कुठं, गॅस कुठं, सगळं ठरलं. उरली नव्या ओट्याची उंची.

"सैपाक करणाऱ्या बाईच्या कंबरेवरून माप घेतो," मिस्त्री म्हणाला. "बोलवा त्यांला."

राधाकिशननं बायकोला हाक मारली. तुळजाबाई लग्न होऊन आली तेव्हा एवढी उंच होती की या दारातून तिला वाकून यावं लागायचं. उभ्यानं रांधता येईल असा ओटा तिनं तेव्हाच मागितला होता. "आमच्यात बाया बसूनच सैपाक करत्यात," असं त्यानं सुनावलं. पुढं बैठकीला फरशी आली, गोठ्यालासुद्धा सिमेंट आलं, अन् ती चुलीपुढं वाकत राहिली.

आता ती दारातून आली, तर डोकं चौकटीच्या कितीतरी खाली राहिलं. भिंत धरून ती थांबली. मिस्त्रीनं टेप लावला, घुटमळला.

"मावशी, जरा सरळ उभ्या ऱ्हावा."

राधाकिशनला तिकडं बघवेना.

"सरळच उभी हाय की रे बाबा," तुळजाबाई म्हणाली.