तसं होत न्हाय

चनबसप्पाच्या चित्रांवर निम्मा महाराष्ट्र झोपत होता आणि हेच त्याचं दुःख होतं.

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात तो बावीस वर्षं नक्षी काढत होता. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगानं भरायचं, भरलेल्या घरापुरतं पुठ्ठ्याच्या पत्त्याला एक भोक पाडायचं, आणि ते पत्ते मागावर चढले की मोर, हंस, कमळं विणून बाहेर पडायची. चादरीवर नाव कारखान्याचं. चनबसप्पाचं नाव फक्त हजेरीच्या वहीत.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याच्या हातून मोराच्या एका पायाची चार घरं भरायची राहून गेली. लंगडा मोर हजारभर चादरींवर विणला गेला, कारखान्याच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्यानं केली आणि चादरी गेल्या बाजारात. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. पहिली, एक घर चुकलं की सगळं चुकलं. दुसरी अशी, की एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही, म्हणजे आपलं चित्र कुणी बघतच नाही. पहिल्या गोष्टीनं तो नेमका झाला आणि दुसरीनं आंबट.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी, त्याचा जुना दोस्त इमामसाब त्याच्याकडे आला. जत्रेत इमामसाबचा चित्रं दाखवायचा तंबू असायचा. तीच ती चित्रं बघून लोक कंटाळले होते. चनबसप्पाला हेच पाहिजे होतं. तो म्हणाला, लोकांनी नुसतं बघायचं कशाला, चित्रात शिरायचं. एक चित्र समोर टांगायचं, त्यात आपण असतो तर काय केलं असतं ते माणसानं सांगायचं, आणि तसं पुढचं चित्र दोरी ओढून खाली सोडायचं. असं करत करत बंद वाड्यात शिरून शेवटच्या खोलीपर्यंत पोचायचं. पोचला तो जिंकला.

आपल्या चित्रापुढे माणूस एकदा तरी जागा राहिला पाहिजे, एवढंच चनबसप्पाचं मागणं होतं. इमामसाबला त्यातलं फारसं कळलं नाही, पण दोस्ताचे डोळे बघून तो हो म्हणाला.

चनबसप्पानं बारा कापडांवर बारा चित्रं काढायला घेतली आणि बांबूंवर गुंडाळून टांगली. पहिल्या चित्रात कुलूप लावलेलं घर, दारात दांडगं कुत्रं, त्याच्या गळ्यात चावी आणि बाजूला वलणीवर वाळत घातलेली चादर. उत्तर एकच. चादर कुत्र्यावर पांघरायची, कुत्रं झोपणार, मग चावी काढायची. चादरीच्या कारखान्यातल्या माणसाला याहून सोपं काय असणार?

जत्रेत पहिला माणूस म्हणाला, कुत्र्याला भाकरी टाकतो. चनबसप्पानं मान हलवली. "तसं होत न्हाय." दुसरा म्हणाला, लाथ घालतो. तसं होत न्हाय. तिसऱ्यानं भिंतीवरून उडी मारली, चौथ्यानं कुलूप फोडलं, एका पैलवानानं दार खांद्यावर उचलून नेलं. चनबसप्पा जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत साठ माणसं आली आणि साठही कुत्र्यापाशी अडकली. पैलवान तर खऱ्या चनबसप्पालाच उचलायला निघाला होता.

चनबसप्पा खुशीत होता. एकालाही जमलं नाही, याचाच त्याला अभिमान. इमामसाबनं त्याला बाजूला घेतलं.

"तुमी जिंकताय, चनबसप्पा, पर आपला तंबू हरतोय," तो म्हणाला. शेजारचा, वेडेवाकडे चेहरे दाखवणारा आरसेवाला जागा मागत होता. उद्या दिवेलागणीपर्यंत गर्दी जमली नाही, तर चित्रं उतरवायची आणि तंबूत आरसे लावायचे, असं इमामसाबनं नजर चुकवत सांगितलं.

घरी येऊन चनबसप्पानं बायकोसमोर जगाच्या अकलेचा उद्धार केला. गंगम्मा भाकरी थापत होती. घरात बोलणं कानडीत चालायचं, पण नवरा डोक्यात गेला की ती मराठीवर यायची. तिला त्यानं तेच कोडं घातलं.

"शेजारी मागायची की चावी," ती म्हणाली. सगळी चाळ चावी शेजारणीकडंच ठेवती, कुत्र्याच्या गळ्यात कोण बांधतंय?

तिथं शेजारच नाही, असं चनबसप्पानं ठणकावलं. मग कुत्र्याला लाथ मारते, ती म्हणाली. सवयीनं तो म्हणाला, तसं होत न्हाय.

गंगम्मानं तव्यावरची भाकरी उलटली आणि ती त्याच्याकडे वळली. "होत न्हाय म्हंजे? कुत्र्याला लाथ घातली तर कुत्रं चावंल. काय तरी होतंच की. तुमचा कागुद न्हवं त्यो, एक घर बरोबर आन् बाकीची चूक. माणूस हाय समोर."

चनबसप्पा रागानं अर्धी भाकरी टाकून उठला. मग परत बसला आणि ती अर्धीही खाल्ली. बायकोचं खरं निघालं की त्याला जास्त भूक लागायची.

सकाळी त्यानं सासू आजारी असल्याचा निरोप कारखान्यात धाडला, धडधाकट सासूलाच रंग कालवायला बसवलं आणि इमामसाबच्या फाटक्या कनातीवर नवी चित्रं काढायला घेतली. भाकरी टाकली तर कुत्रं भाकरी खाऊन आणखी चार कुत्री बोलावून आणतं. कुलूप फोडलं तर फौजदार येतो. शेजारीण काढली, ती चावी देते, पण आधी तुम्ही कुणाचे, कुठले, लग्न झालं का, हे सगळं विचारून घेते. आणि लाथ मारली तर कुत्रं धोतराला लोंबकळतं. त्याच्या पुढच्या चित्रात डॉक्टर आणि पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं, ओळीनं मांडलेली.

दुपारी तंबू उघडला. पहिल्याच गड्यानं लाथ घातली, चनबसप्पानं दोरी ओढली, आणि चौदा सुया बघून तंबूत असा हशा पिकला की आरसेवाला आपली माणसं सोडून बघायला आला. मग जो तो लाथच घालू लागला. कालचा पैलवान तीनदा चावून घेऊन गेला. मुद्दाम चुकायला लोक रांग लावतात, हे चनबसप्पाला बावीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

चारच्या सुमाराला मंगळवेढ्याची सारजाबाई पुढे आली. पन्नाशीची, काखोटीला बोचकं. तिनं कुत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ शेजारणीला हाक मारली, तिच्या सगळ्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं दिली आणि चावी घेतली. अंगणात ती विहिरीत डोकावली, माजघरात उतरंड खाली काढून बघितली, जिन्यावर दिवा लावून घेतला. गर्दी पुढे सरकली. तासाभरात ती शेवटच्या दारापाशी पोचली.

"आता काय हाय आत, त्ये दावा," ती म्हणाली. "तुमच्यापायी एक येष्टी सोडलीया मी."

चनबसप्पा दोरीपाशी घुटमळला. त्यानं दोरी ओढली. कापड उलगडत खाली आलं. त्यावर नुसत्या पेन्सिलीच्या चौकटी होत्या, सगळी घरं रिकामी.

इमामसाबनं डोळे मिटून घेतले. चनबसप्पाला लाज वाटली, पण खोटं बोलवेना. इथवर कुणी येईल असं वाटलंच नव्हतं, म्हणून काढलं नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला.

सारजाबाईनं कापडाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि बोचकं टेकून खाली बसली. "मग काढा की आता. दुसरी येष्टी साडेपाचला हाय."

मागचं कुणी हललं नाही. चनबसप्पानं कोळसा उचलला आणि खोलीत काय पाहिजे ते तिलाच विचारलं. एक बाज, ती म्हणाली, आणि कुणी हाक मारणार न्हाय असं दार. त्यानं दार काढलं, बाज काढली. बाजेवर चादर आली, आणि चादरीवर हात आपोआप मोराकडे गेला. दोन्ही पाय सारखे, नेमके.

सारजाबाई पुढे वाकली. "ह्यो मोर आमच्या घरी हाय. पर पाय चुकला तुमचा. त्याचा एक पाय आखूड हाय."

चनबसप्पाचा कोळसा जागीच थांबला. तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं.

"टायफाइडनं दोन म्हयनं पडले हुते. अंगावर तीच चादर. सारखी त्येच्याकडंच बघायची मी. वाटायचं, ह्यो तसल्या पायावर हुबा हाय, तर आपुन बी उठू."

चनबसप्पानं धोतराच्या सोग्यानं आधी डोळे पुसले आणि मग मोराचा पाय, बरोबर चार घरं.